मांजराची साखर आणि सिरिंजवरची रेघ

मधुमेहाविषयी या सदरात आजवर अनेकदा लिहून झाले आहे. आजचा रुग्णही मधुमेहीच आहे. मात्र तो चार पायांचा आहे आणि आपली तक्रार सांगू शकत नाही.

पनवेलसारख्या गावात मांजर हे पूर्वी मासळी बाजाराच्या आणि जुन्या वाड्यांच्या आधाराने जगणारे, अर्धे घरचे आणि अर्धे गावचे जनावर होते. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे असा विस्तार होत गेला, बंद दारांची घरे वाढली आणि ही वाघाची मावशी सोफ्यावर स्थिरावली. उंदरामागे धावणे संपले, वाडग्यात खाणे सदैव तयार राहू लागले, नसबंदीनंतर वजन वाढू लागले आणि चांगल्या देखभालीमुळे आयुष्यही लांबले. माणसाला मधुमेहाकडे नेणारी वाट याहून फारशी निराळी नाही. मांजराचा मधुमेह आपल्या टाइप २ मधुमेहाशी मिळताजुळता असतो. स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींभोवती माणसात साचते तसेच अमायलॉइड नावाचे द्रव्य मांजरातही साचते. वय झालेला, वजनदार, नसबंदी केलेला बोका हा या आजाराचा नेहमीचा धनी होय.

अशा मांजराला बहुधा दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचावे लागते. ते माणसांच्या औषधांच्या दुकानातून येते. सिरिंज माणसांची असते आणि ग्लुकोमीटरही माणसांचाच असतो. त्यामुळे अडचण आली की मंडळी माणसांच्या डॉक्टरकडे वळतात. येथे माझी मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. मी एमबीबीएस आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ या कायद्यानुसार पशूंवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांचा आहे, आणि ते योग्यच आहे. मांजराचा डोस मी ठरवत नाही, बदलत नाही. आपणही तो माणसांच्या डॉक्टरकडून ठरवून घेऊ नये. परंतु डोस ठरल्यानंतर जे घडते ते आपल्या फ्रिजपाशी आणि ओट्यापाशी घडते. ती साधने, त्यांची मोजमापे आणि त्यांतले धोके यांच्याशी गेली अनेक वर्षे माझा रोजचा संबंध आहे. हा लेख तेवढ्यापुरता आहे.

इन्सुलिन सुरू होऊन काही आठवडे लोटतात, तरीही साखर एका दिवशी ४५० तर दुसऱ्या दिवशी ७० अशी हिंदोळत राहते. अशा वेळी घरच्यांचे पहिले अनुमान ‘डोस कमी पडतो आहे’ असे असते. हे अनुमान मान्य करण्यापूर्वी ठरलेला डोस मांजराच्या शरीरात खरोखर जातो का, हे पाहावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. म्हणून अशा घरातले कोणी भेटले की मी साखरेची वही नंतर पाहतो. आधी सिरिंज आणि इन्सुलिनची कुपी दाखवायला सांगतो.

आपल्या देशात इन्सुलिन प्रामुख्याने दोन तीव्रतांमध्ये मिळते. कुपीत येणारी जुनी, तुलनेने स्वस्त इन्सुलिने बहुतांशी दर मिलिलिटरला ४० युनिट या प्रमाणात असतात. पेनमधील कार्ट्रिज आणि ग्लार्जिनसारखी नवी इन्सुलिने साधारणपणे दर मिलिलिटरला १०० युनिट असतात. दोहोंच्या सिरिंजही वेगळ्या: चाळिसाची लाल टोपीची, शंभराची नारिंगी टोपीची. चाळिसाच्या सिरिंजवरची एक रेघ म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग. तीत शंभराचे इन्सुलिन भरले, तर त्या एका रेघेत एक युनिटाऐवजी अडीच युनिट मावतात. उलट चाळिसाचे इन्सुलिन शंभराच्या सिरिंजमध्ये एक युनिटच्या खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात जेमतेम ०.४ युनिट जाते. एका चुकीत डोस अडीचपट होतो, दुसरीत तो निम्म्याहूनही कमी होतो.

ही गफलत माणसांतही होते आणि तीही गंभीरच असते. मांजराच्या बाबतीत मात्र मोजमापच इतके सूक्ष्म आहे की चुकीला जागाच उरत नाही. पाच किलोच्या मांजराचा सुरुवातीचा डोस पुष्कळदा एका वेळी एक युनिट, क्वचित त्याहूनही कमी असतो. शंभराच्या इन्सुलिनचे एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग, अर्थात एका थेंबाचा साधारण पाचवा हिस्सा. सिरिंजमध्ये राहिलेला हवेचा एक बुडबुडाही तो डोस खाऊन टाकू शकतो. म्हणून शंभराचे इन्सुलिन असेल तर ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली नारिंगी टोपीची सिरिंज मागून घ्यावी. ती प्रत्येक दुकानात मिळत नाही. मागवावी लागली तर मागवावी. मोठ्या सिरिंजवर नजरेच्या अंदाजाने ‘अर्धी रेघ’ मोजणे धोक्याचे आहे.

माझ्या परिचयाच्या एका घरात आजी आणि बोका दोघेही मधुमेही आहेत. आजी निवृत्त शिक्षिका. स्वतःचे चाळिसाचे इन्सुलिन गेली कित्येक वर्षे स्वतःच टोचून घेतात. बोक्याला पशुवैद्यांनी ग्लार्जिन लिहून दिले, दोन वेळा एकेक युनिट, आणि सोबत शंभराच्या सिरिंजही. पहिले पाकीट संपले तेव्हा दुकानात तशा सिरिंज नव्हत्या. घरात लाल टोपीच्या सिरिंज होत्याच. ‘एक रेघ म्हणजे एक युनिट’ हे आजींच्या हातात इतके मुरले होते की त्यांना शंका येण्याचे कारणच नव्हते. पुढे नारिंगी सिरिंज पुन्हा आल्या. मग सकाळी सून एक वापरी, संध्याकाळी आजी दुसरी. वहीतले आकडे ४१२, ६८, ३९०, ७४ असे पडू लागले. घरातल्यांचे मत डोस वाढवून घ्यावा असे झाले होते. मला त्या वहीपेक्षा फ्रिजच्या दारातला डबा अधिक बोलका वाटला. त्यांनी त्याच दिवशी पशुवैद्यांना फोन केला. डोस वाढला नाही. फक्त सिरिंज एकाच प्रकारची ठेवली गेली. दोन-तीन आठवड्यांत आकडे बरेच जवळ आले.

त्या घराने नंतर केलेली व्यवस्था आपणही करावी. माणसाचे इन्सुलिन आणि मांजराचे इन्सुलिन वेगळ्या डब्यांत, वेगळ्या कप्प्यांत ठेवावे; डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव आणि ४० किंवा १०० हा आकडा लिहावा; त्याच डब्यात त्याच मापाच्या सिरिंज असाव्यात. घरातल्या माणसाचे पेन मांजरासाठी कधीही वापरू नये, सुई बदलूनसुद्धा नाही. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत टोचणाऱ्याने लगेच खूण करावी. सकाळी घाईत सासऱ्यांनी टोचले आणि दहा मिनिटांनी नातीनेही टोचले, असे दोनदा होणे एकत्र कुटुंबात मुळीच अशक्य नाही.

टोचण्यातही एक छुपी गळती असते. मांजराचे केस दाट, कातडी सैल. कातडीची चिमूट उचलून सुई आत गेली असे वाटते आणि ती दुसऱ्या बाजूने बाहेर आलेली असते. औषध केसांत जाते. तेथे हात लावून पाहावा, ओले लागते. इन्सुलिनला औषधी असा विशिष्ट वासही येतो. असे झाल्यास, किंवा किती गेले याची शंका असल्यास, पुन्हा टोचू नये. एक डोस हुकल्याने साखर काही तास चढेल; दुप्पट डोसाने मात्र जीव जाऊ शकतो. हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

आता मोजण्याविषयी. माणसाच्या रक्तातील साखर रक्तद्रव आणि तांबड्या पेशी यांच्यात बऱ्याच प्रमाणात वाटली जाते. मांजरात ती जवळजवळ सगळी रक्तद्रवात असते. माणसांसाठी जुळवलेला ग्लुकोमीटर त्यामुळे मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखवतो. प्राण्यांसाठी वेगळे जुळवलेले ग्लुकोमीटर असतात. ते मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तरी माणसांचा मीटर निरुपयोगी ठरत नाही. मात्र दर वेळी तोच मीटर वापरावा आणि कोणता मीटर आहे ते पशुवैद्यांना सांगावे. दोन वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकाच वहीत मिसळले की साखर अस्थिर नसतानाही अस्थिर भासते.

रक्त कानाच्या कडेला असलेल्या बारीक शिरेतून घेतात. कोमट पाण्यात पिळलेले फडके मिनिटभर कानाला लावले, मागे कापसाचा बोळा धरला आणि हलके टोचले की मोहरीएवढा थेंब येतो. आठवड्याभरात बहुतेक मांजरे हे निमूटपणे करू देतात, विशेषतः लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा मिळत असेल तर. घरीच मोजण्याचा आग्रह मी धरतो त्याला कारण आहे. मांजर घाबरले की त्याची साखर झपाट्याने चढते. मधुमेह नसलेल्या मांजराचीही दवाखान्यात २०० किंवा त्याहून अधिक भरू शकते. पिंजऱ्यात कोंबून, रिक्षातून, भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या रांगेतून नेऊन मोजलेल्या एका आकड्यावर निर्णय घेणे म्हणजे दचकलेल्या माणसाचा रक्तदाब मोजून आयुष्यभराची गोळी लिहून देण्यासारखे आहे. पशुवैद्य म्हणूनच एकेका आकड्यापेक्षा बारा तासांत दर दोन तासांनी घेतलेल्या साखरेचा आलेख मागतात, किंवा फ्रुक्टोसामाइनची तपासणी करतात. तिच्यातून मागील दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते. माणसांच्या दंडावर चिकटवतात तो सतत साखर मोजणारा सेन्सर मांजराच्या पाठीचे केस काढून लावण्याची पद्धतही आता रूढ होत आहे.

त्या आलेखात पाहायचे काय? दिवसातली सर्वांत खालची साखर कोणती आणि ती इन्सुलिननंतर किती तासांनी येते, हे. साधारणतः ती ८० ते १५० च्या दरम्यान असावी असे पशुवैद्य मानतात. वरचा आकडा मात्र माणसाच्या मापाने मोजू नये. माणसाची साखर १८० च्या पुढे गेली की लघवीत उतरू लागते. मांजराची मूत्रपिंडे ती साधारण २७० च्या आसपास जाईपर्यंत धरून ठेवतात. म्हणून उपचारावर असलेल्या मांजराची साखर दिवसातला काही काळ अडीचशेच्या घरात राहिली तरी ते सुखाने जगते. आजोबांचा उपाशीपोटीचा ११० हा आकडा मांजरावर लादण्याचा हट्ट धरला, तर शेवटी ते एखाद्या रात्री बेशुद्ध सापडते.

आकड्यामागे धावण्याचा हा मोह फार घातक आहे. सकाळी ३८० आली, अर्धा युनिट वाढवला; संध्याकाळी ३६०, आणखी अर्धा; दुसऱ्या दिवशी ९०, घाबरून डोसच टाळला; तिसऱ्या दिवशी ४४०. येथे आजाराइतकेच आपणही साखरेला झोके देत असतो. ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनचा डोस बदलल्यावर त्याचा खरा परिणाम स्थिरावायला काही दिवस लागतात. त्यामुळे पशुवैद्य साधारणपणे पाच-सात दिवसांच्या आत डोस वाढवत नाहीत आणि वाढवला तरी अर्ध्या किंवा एका युनिटाने वाढवतात. साखर धोकादायक खाली गेली तर मात्र डोस कमी करण्यासाठी थांबायचे नसते.

खाली गेलेली साखर पुढचे काही तास उंच दिसू शकते, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील सेंट लुईस येथे काम केलेले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोगी यांनी १९३० च्या दशकात हा विचार मांडला: इन्सुलिन जास्त झाले की साखर घसरते, शरीर घाबरून यकृतातली साखर रक्तात ओतते आणि मीटरवर उलट मोठा आकडा दिसतो. असे किती वेळा घडते याविषयी माणसांच्या आणि मांजरांच्या वैद्यकात आज मतभेद आहेत. पूर्वी समजत होते तितके ते वारंवार घडत नसावे. तरीही व्यवहारातला बोध कायम आहे. मध्यरात्री काय झाले हे ठाऊक नसताना केवळ सकाळच्या ४०० वर डोस वाढवू नये.

इन्सुलिनचा प्रकारही महत्त्वाचा ठरतो. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला प्रथम दिले गेले. त्यानंतर अनेक दशके माणसे गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगली. मांजराचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनहून केवळ एका अमिनो आम्लाने वेगळे आहे. आज माणसांसाठी बनलेले इन्सुलिन मांजराला चालते, पण मांजराचे शरीर ते लवकर वापरून टाकते. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे ३०/७० मिश्रण किंवा एनपीएच मांजरात पुष्कळदा बारा तास टिकत नाही. सुरुवातीला खोल घसरण आणि पुढच्या डोसाच्या आधी उंच चढण, असा आलेख दिसतो. तेव्हा ‘घरात आहेच तर तेच देऊ’ हा काटकसरीचा विचार येथे करू नये. ग्लायमेपिराइड, मेटफॉर्मिन या आपल्या गोळ्याही मांजराला देऊ नयेत.

आहाराविषयी आपल्या घरांत एक गोड गैरसमज आहे: मांजर म्हणजे दूध-पोळी. वास्तविक मांजर हे पूर्ण मांसाहारी आहे. पिष्टमय अन्नातली साखर हाताळण्याची त्याच्या यकृताची क्षमता आपल्यापेक्षा पुष्कळ कमी असते. दूध-भात, पोळी, बिस्किटे हे मधुमेही मांजराचे अन्न नव्हे. कोरड्या दाणेदार खाद्यातही पिष्ट बरेच असते. ओले, प्रथिनप्रधान, कमी पिष्टाचे खाद्य अधिक योग्य. बाजारातली मांदेली उकडून द्यायला हरकत नाही, पण केवळ मासळीवर मांजराचे पोषण पूर्ण होत नाही. आपल्या कालवणातले उरलेले तर देऊच नये. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी नष्ट करतात आणि सुक्या मासळीत मीठ फार असते.

मात्र हा बदल आपल्या मनाने एका दिवसात करू नये. पिष्ट कमी झाले की इन्सुलिनची गरजही घटते, काही मांजरांत फार वेगाने. खाद्य बदलले आणि डोस तोच राहिला, तर साखर कोसळते. ‘चांगले खायला घालायला लागलो आणि मांजर पडले’ असे म्हणण्याची वेळ अनेकांवर आली आहे. खाद्य बदलण्याआधी पशुवैद्यांशी बोलावे आणि त्या काळात साखर अधिक वेळा मोजावी. मांजराला उपाशी ठेवून वजन उतरवण्याचा प्रयत्न तर कदापि करू नये. काही दिवसांच्या उपासाने त्याच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकते.

हात, सिरिंज, मीटर, आहार सारे नीट असूनही साखर आटोक्यात येत नसेल, तर दुसरा आजार शोधावा लागतो. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाचा दाह, थायरॉइडची अतिक्रिया ही नेहमीची कारणे. खाजेसाठी दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन कित्येक आठवडे साखर उंच ठेवू शकते. शिवाय मेंदूतील पीयूषिका ग्रंथीची छोटी गाठ वाढीचे संप्रेरक जास्त सोडते तेव्हा इन्सुलिन दाद देईनासे होते. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ साली १,२२१ मधुमेही मांजरांच्या रक्ततपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे एकचतुर्थांश मांजरांत या विकाराकडे बोट दाखवणारे निष्कर्ष आढळले. मधुमेह असूनही वजन वाढणारे, डोके आणि पंजे रुंद होत जाणारे, भरपूर इन्सुलिन घेऊनही साखर न उतरणारे मांजर असेल, तर पशुवैद्यांना याविषयी अवश्य विचारावे.

आकड्यांच्या पलीकडे पाहायची सवयही ठेवावी. वाडग्यात मोजून पाणी ठेवले तर ते किती पिते हे कळते. ओल्या वाळूचे गोळे वाढले की लघवी वाढली. आठवड्यातून एकदा मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि मग स्वतःचे वजन वजा करावे. मांजर मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून, बसल्यासारखे चालू लागले, तर मधुमेहाने नसा दुखावल्याचे ते चिन्ह आहे. साखर काबूत आली की पुष्कळदा ते हळूहळू सुधारते. वजन स्थिर, तहान बेताची, अंग चाटणे पुन्हा सुरू, खिडकीत उडी मारता येते, अशा मांजराचा एखादा आकडा ३२० आला म्हणून रात्रीची झोप घालवू नये.

झोप घालवण्याजोगी लक्षणे वेगळी आहेत. मांजर झोकांड्या देते, विचित्र आवाजात ओरडते, शून्यात पाहते, एकाएकी अधाशी होते किंवा निपचित पडते, अंग थरथरते, झटके येतात: ही साखर उतरल्याची लक्षणे होत. मीटर जवळ असेल तर पाहावे. ६० किंवा त्याखाली असेल तर लगेच कृती करावी. मीटर शोधण्यात मात्र वेळ दवडू नये. मांजर शुद्धीवर असेल आणि खात असेल तर त्याचे आवडते अन्न ताबडतोब द्यावे. गिळू शकत नसेल तर मध किंवा ग्लुकोजच्या पावडरीचा दाट पाक बोटाने हिरड्यांना चोळावा. तोंडात पाणी किंवा पाक ओतू नये. तो श्वासनलिकेत जातो. झटके येत असताना बोट दातांमध्ये घालू नये. मग सुधारणा दिसली तरी पशुवैद्यांकडे न्यावे, कारण टोचलेले इन्सुलिन अजून काही तास काम करणार असते. पुढचा डोस त्यांना विचारल्याशिवाय देऊ नये.

मांजराने खाल्ले नाही, ओकले, तर नेहमीचा डोस डोळे झाकून टोचू नये. आधी फोन करावा. न खाणे, ओकाऱ्या आणि मलूलपणा यांबरोबर साखर उंच असेल तर कीटोनचा धोका असतो. लघवीतील कीटोन तपासायच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. त्या पट्टीचा रंग बदलला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, सकाळची वाट पाहू नये.

इन्सुलिन साठवण्याबद्दल थोडे. आपल्याकडच्या पावसाळ्यात वीज जाते आणि लोक धास्तावतात. पण दोन-चार तास वीज गेल्याने बंद फ्रिजमधले इन्सुलिन बिघडत नाही. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेले, गोठून पुन्हा वितळलेले इन्सुलिन मात्र निकामी होते आणि दिसायला अनेकदा तसेच असते. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असावे. गढूळ दिसले तर टाकून द्यावे. ते हलवून घुसळू नये, दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळू नये, पाणी घालून पातळ करू नये. उघडलेल्या कुपीवर तारीख लिहावी. ग्लार्जिनच्या वेष्टनावर वापराची मुदत २८ दिवस दिलेली असते. प्रवासात किंवा लांब वीज गेल्यास कुपी प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत घालून ओल्या मातीच्या माठात ठेवण्याची जुनी युक्ती मांजराच्या इन्सुलिनलाही चालते. वापरलेल्या सुया मात्र कचऱ्याच्या पिशवीत टाकू नयेत; जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात द्याव्यात. आणि मांजराने चावा घेतला किंवा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व रेबीजच्या लशीसाठी माणसांच्या डॉक्टरकडे यावे. तो विषय माझ्या अखत्यारीतला आहे.

पनवेलमध्ये आणि नवी मुंबईत लहान प्राण्यांचे दवाखाने आहेत. रात्री फोन उचलणारा दवाखाना कोणता, हे संकटाच्या आधीच विचारून ठेवावे. गुंतागुंतीच्या मांजरांना मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही तेथेच आहे. महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ पासून चालू आहे. हार्बरच्या लोकलने कुर्ल्याला गाडी बदलून परळला जाता येते, पण आजारी मांजराला त्या गर्दीतून नेणे कठीण. वाहन करावे, आणि साखरेची वही, कुपी व सिरिंज तिन्ही सोबत न्यावीत.

एक गोष्ट मांजरांच्या बाजूने आहे आणि ती माणसांत इतक्या सहज दिसत नाही. निदानानंतर लवकर इन्सुलिन सुरू झाले आणि आहारातले पिष्ट कमी केले, तर अनेक मांजरांची इन्सुलिनची गरज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्णपणे संपते. तो टप्पा जवळ येतो तेव्हा कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त ठरू लागतो. महिनाभर दोनशे ते तीनशेच्या दरम्यान असलेली साखर अचानक ९०, ८० दिसू लागली, तर पशुवैद्यांना त्याच दिवशी कळवावे. डोस कमी करण्याची ती वेळ असू शकते. इन्सुलिन बंद झाल्यावरही आठवड्यातून एकदा साखर किंवा लघवी तपासत राहावे, पाण्याच्या वाडग्यावर लक्ष ठेवावे, दूध-पोळीकडे परत वळू नये, आणि पुढे कधी खाजेसाठी किंवा सुजेसाठी दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले तर या मांजराला मधुमेह होता हे इंजेक्शनची सुई भरली जाण्याआधी सांगावे.